भावाचा बोन मॅरो बहिणीला दिला, तर तिचं लिव्हर-हार्टपण भावाचं होतं का?

मॅरो देणाऱ्या भावाकडूनच प्रश्न असा आलाय. बहिणीला थॅलेसेमिया मेजर, लहानपणापासून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, शेवटी सख्ख्या भावाचा एचएलए (ट्रान्सप्लांटसाठी जुळवायचा टिश्यूचा ग्रुप) जुळला, त्याने बोन मॅरो दिला. आता हिमोग्लोबिन आपलं आपण टिकतंय आणि तिचा ब्लड ग्रुप आधी ए पॉझिटिव्ह होता तो भावासारखा ओ पॉझिटिव्ह झालाय. घरात कुणीतरी सांगितलं की स्टेम सेल कशातही बदलू शकते, त्यामुळे हळूहळू हिचं लिव्हर, हार्ट, कातडी सगळंच भावाच्या पेशींचं होणार. खरं का? आणि जोडीला दुसरा प्रश्न, वडिलांना अटॅक येऊन गेलाय, पंपिंग कमी झालंय, एक क्लिनिकवाला म्हणतोय तुमच्याच मॅरोतल्या स्टेम सेल काढून टोचल्या की हार्टचा मसल नवा तयार होतो, तर करावं का?

ट्रान्सप्लांटच्या पेशंटांचे रिपोर्ट वाचण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, त्यामुळे जरा ऐसपैस सांगतो. घाईत असाल तर एवढंच घ्या: रक्ताची स्टेम सेल रक्ताचंच खानदान बनवते, लिव्हरची पेशी, हार्टचा मसल, मेंदूचा न्यूरॉन बनवत नाही. पण रक्ताचं खानदान वाटतं त्यापेक्षा खूप मोठं आहे आणि शरीरभर पसरलेलं आहे, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी तुमच्या बहिणीचा ब्लड ग्रुपच घ्या, कारण तिच्या रिपोर्टमध्येच अर्धं उत्तर आहे. ब्लड बँकेत ग्रुप दोन बाजूंनी बघतात. पेशंटच्या लाल पेशी घेऊन त्यात अँटी-ए आणि अँटी-बी टाकायचं, गुठळ्या होतात का बघायचं, हे फॉरवर्ड. मग पेशंटचं सिरम घेऊन त्यात माहितीतल्या ए आणि बी पेशी टाकायच्या, हे रिव्हर्स. जन्मापासून ओ असलेल्या माणसाच्या सिरममध्ये अँटी-ए आणि अँटी-बी दोन्ही असतात. तुमच्या बहिणीचा फॉरवर्ड स्वच्छ ओ येईल, पण रिव्हर्समध्ये बहुतेक फक्त अँटी-बी सापडेल, अँटी-ए सापडणार नाही, म्हणजे पेशी म्हणतात ओ आणि सिरम म्हणतं ए. नवीन टेक्निशियन असेल तर तो आधी ट्यूब धुऊन परत टेस्ट लावतो, मग सिनियरला बोलावतो, आणि सिनियर पहिला प्रश्न विचारतो की ट्रान्सप्लांट झालाय का. कारण सोपं आहे. ए अँटिजेन फक्त लाल पेशींवर नसतं, रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, आतड्यात असतं, बहुतेकांच्या लाळेतही असतं, आणि ती सगळी टिश्यू अजून बहिणीची स्वतःची, ए ग्रुपचीच आहे. भावाच्या पेशी तिथे नांदायला आल्या तेव्हा त्यांना चहूकडे ए दिसलं आणि त्यांनी ए विरुद्ध अँटिबॉडी बनवली नाही. बाकीचं शरीर भावाचं होत चाललं असतं तर हे असं राहिलं नसतं.

दुसरा पुरावा तर वॉर्डात रोज दिसतो, जीव्हीएचडी, म्हणजे ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज. डोनरच्या टी-सेल (परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) पेशंटच्या कातडीवर, आतड्यांवर, लिव्हरवर हल्ला करतात, कधी काही आठवड्यांत, कधी क्रॉनिक होऊन वर्षानुवर्षं. आता जर डोनरच्या स्टेम सेलमधून नवी कातडी आणि नवं लिव्हर तयार होत असतं तर त्या टी-सेलना ते घरचंच वाटलं असतं आणि हा आजार आपोआप विरून गेला असता. तसं होत नाही, जीव्हीएचडी शमतो तो स्टिरॉइडने, इतर औषधांनी किंवा टी-सेल हळूहळू जुळवून घेतात म्हणून.

मग डोनरचं नक्की काय काय होतं? लाल पेशी, प्लेटलेट, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट हे तर सगळ्यांना माहीत असतं. पण मोनोसाइट रक्तातून बाहेर पडून अवयवात जाऊन बसतात आणि मॅक्रोफेज होतात. लिव्हरमधल्या कुप्फर पेशी, फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांमधले मॅक्रोफेज, मास्ट सेल, कातडीतल्या लँगरहान्स पेशी, या ट्रान्सप्लांटनंतर कमी-जास्त वेगाने डोनरच्या होत जातात. म्हणजे तुमच्या बहिणीच्या लिव्हरचा तुकडा घेऊन डीएनए काढला तर त्यात भावाचा डीएनए निघेलच, आणि कुणी तेवढ्यावर म्हणेल बघा लिव्हर बदललं. पण कुप्फर पेशी लिव्हरमधला घरजावई आहे, त्या घरात राहतो, तिथलीच कामं करतो, पण आडनाव रक्ताचंच लावतो. पित्त आणि अल्ब्युमिन बनवणारी हिपॅटोसाइट ती वेगळीच, आणि ती बहिणीचीच राहते.

यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण हाडाचं. ऑस्टिओपेट्रोसिस नावाचा आजार आहे, त्यात हाड खाणारी पेशी, ऑस्टिओक्लास्ट, नीट काम करत नाही, हाड दगडासारखं भरत जातं आणि मॅरोला जागाच उरत नाही. १९८० साली अमेरिकेतल्या मिनेसोटामधून एक केस छापून आली, तान्ह्या मुलीला भावाचा मॅरो दिला होता (तुमच्यासारखीच भाऊ-बहीण जोडी) आणि नंतर हाडाच्या तुकड्यात बघितलं तर हाड खाणाऱ्या पेशी भावाच्या, वाय क्रोमोसोमवाल्या, आणि त्याच हाडात शेजारी बसून हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट मुलीच्या स्वतःच्या. ऑस्टिओक्लास्ट रक्ताच्या खानदानातली, ऑस्टिओब्लास्ट नाही. एका स्लाइडवर दोन कुळं स्वच्छ वेगळी दिसतात, आणि आजार बरा झाला तो अवयव बदलला म्हणून नाही, नेमकी बिघडलेली पेशी रक्ताच्या कुळातली होती म्हणून. हाडाची पुढची पेशी बनवणारी मेझेनकायमल पेशी मॅरोतच राहते, तरी ट्रान्सप्लांटनंतरसुद्धा ती बहुतांशी पेशंटचीच असते, हे फार लोकांना माहीत नसतं.

मेंदूचंही तसंच. हर्लर सिंड्रोममध्ये एक एन्झाइम नसतं, त्यासाठी पहिल्यांदा बोन मॅरो ट्रान्सप्लांट केल्याचं १९८१ साली लंडनमधून छापून आलं. लहान वयात केला तर मुलांची बुद्धी बरीच वाचते. इथे न्यूरॉन डोनरचे होत नाहीत, डोनरच्या मॅक्रोफेज जातीच्या पेशी मेंदूत जाऊन बसतात, एन्झाइम बाहेर सोडतात आणि शेजारचे न्यूरॉन ते उचलून घेतात. फायदा खरा, कारण वेगळं.

आता हा ‘स्टेम सेल कशातही बदलते’ प्रकार कुठून आला? तुमच्या घरच्यांनी ते मनाने रचलेलं नाही, मोठ्या मोठ्या जर्नलमध्ये छापून आलेलं आहे. १९९८ ते २००२ या चार-पाच वर्षांत नुसती झुंबड उडाली होती. १९९८ मध्ये इटलीच्या एका ग्रुपने दाखवलं की मॅरोतल्या पेशी उंदराच्या जखमी स्नायूत जाऊन स्नायूत सामील होतात. १९९९ मध्ये लिव्हर. २००० मध्ये बायकांच्या लिव्हरमध्ये वाय क्रोमोसोम सापडला, ज्यांना पुरुषाचा मॅरो मिळाला होता. २००१ मध्ये तर एकाच स्टेम सेलमधून फुप्फुस, आतडं, कातडी अशा बऱ्याच ठिकाणच्या पेशी झाल्याचा पेपर ‘सेल’मध्ये आला. आम्ही जर्नल क्लबमध्ये दर आठवड्याला नवीन अवयव घेऊन बसायचो. आणि दिवसही तसेच होते, एम्ब्रियोच्या स्टेम सेलवरून अमेरिकेत राजकारण पेटलेलं, २००१ च्या ऑगस्टमध्ये बुशसाहेबांनी सरकारी पैशावर मर्यादा घातली, त्यामुळे मोठ्या माणसाच्या मॅरोतूनच सगळं मिळतंय असं निघालं तर बऱ्याच जणांना हवंच होतं.

वाय क्रोमोसोमचा ठिपका बघताना काय घोटाळा होतो ते नीट समजून घ्या, कारण अर्धी चूक तिथेच आहे. बाईच्या लिव्हरची बायोप्सी, पॅराफिनमध्ये, त्याचा काप काही मायक्रॉन जाडीचा. वाय ला चिकटणारा चमकणारा प्रोब टाकला, फ्लुरोसन्ट मायक्रोस्कोपखाली मोठ्या गोल न्यूक्लियसवर एक ठिपका दिसला, म्हणजे हिपॅटोसाइटमध्ये वाय, झालं! पण लिव्हरमध्ये लिम्फोसाइट आणि कुप्फर पेशी हिपॅटोसाइटला अगदी खेटून असतात, आणि कापाला जाडी आहे, त्यामुळे वरती बसलेल्या लिम्फोसाइटचा ठिपका खालच्या हिपॅटोसाइटचा वाटतो. फोकसचा स्क्रू जरासा फिरवला की ठिपका आणि न्यूक्लियस वेगवेगळ्या पातळीवर आहेत हे कळतं, पण छापलेल्या फोटोत स्क्रू फिरवता येत नाही. हार्टमध्ये आणखी एक भानगड, हार्टच्या पेशीत लिपोफसिन नावाचा रंगद्रव्याचा साठा असतो तो आपणहून चमकतो, तोच डोनरच्या पेशीची खूण समजला जातो. शिवाय ज्या बाईला मुलगा झालेला आहे तिच्या शरीरात त्या मुलाच्या काही पेशी वर्षानुवर्षं राहतात, म्हणजे वाय सापडला तर तो डोनरचाच असेल असंही नाही.

हे सगळं वगळूनसुद्धा काही खरेखुरे केस उरले, आणि त्यांचं उत्तर फार मजेशीर निघालं. २००० मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये एक प्रयोग आला होता. टायरोसिनेमिया नावाच्या आजाराचे उंदीर, एक औषध पाण्यातून देत राहायचं तोवर जगतात, औषध बंद केलं की लिव्हर निकामी. त्यांना निरोगी उंदराच्या शुद्ध केलेल्या रक्ताच्या स्टेम सेल दिल्या, औषध बंद केलं, आणि काही काळाने लिव्हरमध्ये निरोगी पेशींच्या गाठी उगवल्या, उंदीर वाचले! इथे ठिपक्याचा भ्रम नाही, लिव्हर खरंच काम करत होतं. मग २००३ मध्ये त्याच गटातल्या लोकांनी त्या नव्या पेशींचे क्रोमोसोम मोजले. उंदराचे क्रोमोसोम ४०. या पेशींमध्ये बऱ्याच ठिकाणी ८० निघाले, त्यात तीन एक्स आणि एक वाय. म्हणजे नर उंदराची आजारी लिव्हर पेशी आणि मादी डोनरची रक्तपेशी चक्क एकमेकींत मिसळून एक झाल्या होत्या. डोनरची पेशी लिव्हर बनलीच नाही, लिव्हरच्या पेशीला डोनरचा चांगला जीन फुकटात मिळाला, आणि औषध बंद केल्यावर बाकीच्या पेशी मरत असताना या तगल्या आणि वाढल्या. पुढे कळलं की मिसळणारी पेशी स्टेम सेलसुद्धा नव्हती, तिच्यापासून झालेली मॅक्रोफेज जातीची पेशी होती. त्याच सुमाराला लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशींमध्येसुद्धा डोनरचा डीएनए सापडत होता, तिथेही पेशी मिसळल्याचंच निघालं. हे फ्यूजन अगदी क्वचित होतं, त्या उंदरात एवढं दिसलं कारण जगण्या-मरण्याचा दबाव होता.

स्टॅनफर्डच्या एमी वेजर्स आणि अर्विंग वाइसमन यांच्या ग्रुपने २००२ मध्ये ‘सायन्स’मध्ये जो पेपर दिला तो माझ्या मते या सगळ्या वादातला सगळ्यात शांत डोक्याने केलेला प्रयोग. हिरवी चमकणारी एकच स्टेम सेल एका उंदराला दिली, तिच्यापासून रक्त नीट तयार झालं हे बघितलं, मग मेंदू, किडनी, आतडं, लिव्हर, स्नायू सगळे अवयव चाळले. वर आणखी दोन उंदीर शस्त्रक्रियेने जोडून त्यांचं रक्त महिनोनमहिने एकत्र फिरवलं. रक्त सगळं हिरवं, पण अवयवांच्या स्वतःच्या पेशींमध्ये हिरव्या पेशी बोटावर मोजण्याइतक्या. एवढ्या क्वचित होणाऱ्या गोष्टीवर कुठलाही अवयव दुरुस्त होत नसतो.

आता हार्ट, म्हणजे तुमच्या वडिलांचा प्रश्न. २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये पिएरो अँव्हर्सा यांच्या लॅबमधून पेपर आला. उंदराच्या हार्टमध्ये अटॅक घडवून आणला, कडेला मॅरोच्या पेशी टोचल्या, आणि नऊ दिवसांत मेलेल्या भागाचा ६८ टक्के नवा मसल तयार झाल्याचा दावा केला. नऊ दिवसांत! त्याच वर्षी जर्मनीत माणसांवर प्रयोग सुरूसुद्धा झाले, उंदरावरचं दुसऱ्या कुणाला जमतंय का हे बघायच्या आधीच. २००४ मध्ये ‘नेचर’मध्येच दोन वेगवेगळ्या ग्रुपचे पेपर आले, दोघांनी तसाच प्रयोग जास्त कडक पद्धतीने केला होता, हार्टमध्ये टोचलेल्या पेशी तिथे रक्ताच्याच पेशी झाल्या, मसल झाला नाही. अँव्हर्सांची लॅब पुढे दुसऱ्याच दाव्याकडे वळली, हार्टमध्येच स्टेम सेल असतात वगैरे. शेवटी २०१७ मध्ये त्यांच्या बोस्टनच्या हॉस्पिटलने अमेरिकन सरकारला १ कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि २०१८ मध्ये हार्वर्ड आणि त्या हॉस्पिटलने त्या लॅबचे ३१ पेपर मागे घ्यावेत असं जर्नलांना कळवलं, कारण त्यांत खोटा किंवा बनवलेला डेटा होता. मधल्या काळात किती पेशंटच्या हार्टमध्ये सुया गेल्या त्याचा विचार केला की मला अजून राग येतो.

माणसांवरच्या ट्रायलचं काय झालं? युरोपात बामी नावाची मोठी ट्रायल ठरली, ३००० पेशंट घ्यायचे होते, मिळाले ३७५, आणि त्यात मृत्यू कमी झाल्याचं काही दिसलं नाही. आपल्याकडे स्ट्रोकसाठी पाच सेंटरनी मिळून १२० पेशंटवर व्यवस्थित ट्रायल केली, स्वतःच्याच मॅरोच्या पेशी शिरेतून दिल्या, २०१४ मध्ये निकाल आला: त्रास काही झाला नाही, पण फायदाही नाही. ही ट्रायल आपल्या लोकांनी केली आणि उत्तर नकारार्थी आलं तरी प्रामाणिकपणे छापलं, याचं मला कौतुक आहे, क्लिनिकवाले मात्र ती कधी दाखवत नाहीत.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइननुसार रक्ताच्या आजारांसाठीचा ट्रान्सप्लांट सोडला तर बाकी सगळा स्टेम सेलचा वापर संशोधनात मोडतो, तो मान्यता घेतलेल्या ट्रायलमध्येच करायचा आणि त्यासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. त्यामुळे वडिलांच्या क्लिनिकवाल्याला फक्त एवढं विचारा की सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदणी) तुमच्या ट्रायलचा नंबर काय आणि मला पैसे का भरायचे आहेत. ‘आमच्याकडे खूप पेशंटना फरक पडला’ हे उत्तर आलं तर उठून या. फरक पडतोही, कारण अटॅकनंतर काही महिन्यांत बऱ्याच जणांचं पंपिंग गोळ्यांवरच थोडं सुधारतं, आणि श्रेय सुईला जातं. वडिलांच्या कार्डिओलॉजिस्टकडे बसून गोळ्यांचे डोस पुरेसे वाढवलेत का, आयसीडी (ठोके बिघडले तर शॉक देणारं, शरीरात बसवायचं यंत्र) लागणार आहे का, हे विचारण्यात तो वेळ आणि पैसा जाऊ दे.

(लॅबमध्ये रक्ताच्या पेशीपासून हार्टची धडधडणारी पेशी बनवता येते का? येते. जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी २००६ मध्ये चार जीन घालून उंदराच्या साध्या पेशीला मागे नेऊन दाखवलं, नंतर माणसाच्या रक्तपेशींवरही ते जमलं. पण ते प्लेटमध्ये, जीन घालून, आठवडेच्या आठवडे खपून होतं. मॅरोतली पेशी काढून तशीच टोचली तर ती हार्टमध्ये जाऊन स्वतःहून हे करत नाही.)

आता परत बहिणीकडे, कारण एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. डीएनए टेस्टचा विषय निघाला तर रक्तातून तिचा नाही, तुमचा डीएनए येईल. गालाच्या आतल्या स्वॅबमध्ये दोघांचा मिसळून येतो, कारण लाळेत पांढऱ्या पेशी असतात. केसांच्या मुळात तिचा स्वतःचा. अमेरिकेतल्या नेवाडामध्ये एका पेशंटच्या वीर्यातसुद्धा फक्त डोनरचा डीएनए सापडला म्हणून २०१९ मध्ये पेपरात मोठी बातमी झाली होती, पण त्या माणसाची नसबंदी झालेली होती, वीर्यात शुक्रजंतूच नव्हते, होत्या त्या पांढऱ्या पेशी. बीजपेशी डोनरच्या होत नाहीत. मॅरोतून उंदराच्या अंडाशयात नवी बीजं तयार होतात असा दावा २००५ मध्ये झाला होता, पुढच्याच वर्षी दुसऱ्या ग्रुपने जोडलेल्या उंदरांवर तपासून तो खोडून काढला.

याचा अर्थ बहिणीच्या रक्तातून थॅलेसेमिया गेला, बीजातून गेला नाही. केमोमुळे ट्रान्सप्लांटनंतर बऱ्याच मुलींना मूल होण्यात अडचण येते, तो वेगळा विषय, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना आत्ताच दाखवा. पण मूल झालं तर तिच्याकडून त्याला बिघडलेला जीन जाणारच, म्हणजे प्रत्येक मूल निदान मायनर (एकच जीन बिघडलेला, फक्त वाहक) असणार. नवरा मायनर असेल तर दर गरोदरपणात मेजरची शक्यता ५० टक्के. आणि घोळ असा होतो की लग्नाआधी कुणी तिची एचपीएलसी (मायनर ओळखायची हिमोग्लोबिनची टेस्ट) केली तर रिपोर्ट तुमच्यासारखा येईल, तुम्ही नॉर्मल असाल तर तिचा नॉर्मल, तुम्ही मायनर असाल तर तिचा मायनर, आणि नॉर्मल रिपोर्ट बघून समोरचे लोक नवऱ्यामुलाची टेस्ट करायची गरज नाही म्हणतील. सिंधी, कच्छी, लोहाणा समाजात तर मायनरचं प्रमाण जास्त आहे, उल्हासनगर-नागपूरकडच्या घरांतून हे स्थळ जुळवताना विचारतातही, पण रक्ताचा कागद बघून समाधान मानतात. तेव्हा नवऱ्यामुलाची एचपीएलसी करायचीच, बहिणीचा रिपोर्ट काहीही येवो. आणि पुढे गर्भाची तपासणी करायची वेळ आली तर आईचं म्युटेशन रक्तातून काढू नका, ट्रान्सप्लांटच्या आधीचा जीन रिपोर्ट असेल तो द्या, नसेल तर केसांची मुळं किंवा कातडीच्या तुकड्यावरून करायला सांगा, आणि लॅबच्या फॉर्मवर ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेला आहे, डोनर भाऊ’ असं मोठ्या अक्षरात लिहा.